मेहली मेहतांसाठी मुंबईत पद नव्हते

1964 साली, इतर लोक निवृत्तीचा विचार करू लागतात त्या वयात, मुंबईचे व्हायोलिनवादक आणि वाद्यवृंद-संचालक मेहली मेहता लॉस एंजेलिसला स्थायिक झाले आणि त्यांनी दोन कामे एकाच वेळी हाती घेतली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तिथल्या शाखेत वाद्यवृंद विभाग सांभाळणे हे पहिले, आणि साधारण सोळा ते सत्तावीस वर्षांच्या वादकांचा ‘अमेरिकन यूथ सिम्फनी’ हा वाद्यवृंद उभारणे हे दुसरे. विद्यापीठातली जबाबदारी त्यांनी 1976 पर्यंत वाहिली. तरुणांचा वाद्यवृंद मात्र त्यांनी 1998 पर्यंत, म्हणजे वयाची नव्वदी गाठेपर्यंत, स्वतः उभे राहून चालवला. आपल्याकडे ही हकिगत सांगितली जाते ती जगप्रसिद्ध संचालक झुबिन मेहतांच्या वडिलांची हकिगत म्हणून, आणि तीही बहुधा अभिमानाच्या सुरात. मला त्यात अभिमानापेक्षा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न अधिक दिसतो. ज्या माणसाने मुंबईत वीस वर्षे हेच काम केले होते, त्याला ते पगारी पदावर, निश्चिंतपणे आणि वर्षानुवर्षे करता यावे अशी जागा मुंबईत एकही नव्हती. ती आजही नाही. वाद्यवृंदाचा प्रश्न हा मुळात सभागृहाचा, श्रोत्यांचा किंवा प्रतिभेचा नसून शिक्षकाच्या पदाचा आहे, आणि ते पद सार्वजनिक पैशातून निर्माण व्हायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

मुंबईतली ती वीस वर्षे थोडी तपशिलाने पाहिली पाहिजेत, कारण प्रतिभा आणि श्रोते नव्हते म्हणून हे रोपटे रुजले नाही, असे सोपे उत्तर तिथे टिकत नाही. 1908 साली मुंबईत पारशी कुटुंबात जन्मलेल्या मेहलींनी तरुणपणी याशा हायफेट्झ यांचे व्हायोलिन ऐकले आणि त्या वादनाने त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. 1935 साली त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. पहिली दहा वर्षे ते त्यात कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनवादकांचे म्होरके होते, आणि पुढची साधारण दहा वर्षे संचालक. 1940 साली त्यांनी बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांचा संच, सुरू केले. महायुद्ध संपताच ते न्यूयॉर्कला गेले ते इव्हान गॅलमियन यांच्याकडे शिकायला, जे पुढे इत्झाक पर्लमन आणि पिंकस झुकरमन या व्हायोलिनवादकांचे गुरू म्हणून जगभर ओळखले गेले. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, आपल्या शहरात नावाजलेला वादक पुन्हा विद्यार्थी होतो आणि शिकून झाल्यावर परत मुंबईलाच येतो, ही गोष्ट मला त्यांच्या पुढच्या सगळ्या यशापेक्षा महत्त्वाची वाटते. ते परत आले होते, हे विसरता कामा नये.

परत येऊन त्यांनी जे केले ते वाद्यवृंद-संचालनापेक्षा शिक्षकीच अधिक होती. वाद्यवृंदात गोव्याचे वादक होते, पारशी हौशी होते, युरोपातून आलेले निर्वासित होते आणि फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडचा आधार घ्यावा लागे. अशा मेळाव्याला बीथोव्हेनची सिम्फनी वाजवायची तर प्रत्येकाला वेगळे शिकवण्यापासून सुरुवात करावी लागते. कुठला स्वर गज वर नेताना आणि कुठला खाली आणताना वाजवायचा, सोळा व्हायोलिनवादकांचे गज एकाच दिशेने का गेले पाहिजेत, दुसऱ्या व्हायोलिनने पहिल्याच्या किती आत राहायचे, ओबो या फुंकवाद्याने दिलेल्या स्वराशी सगळ्यांनी कसे जुळवून घ्यायचे, स्वतःला वाजवायचे नसते तेव्हा मात्रा मोजत शांत कसे बसायचे, हे सगळे तालमीत शिकवावे लागते. मैफिलीच्या रात्री हातात काठी घेऊन उभा असलेला माणूस आपल्याला दिसतो; पण त्याचे नव्वद टक्के काम तोवर संपलेले असते, आणि ते ज्या खोलीत झालेले असते तिथे तिकीट लावता येत नाही. घरातल्या या शाळेत झुबिन वाढले. सोळाव्या वर्षी ते वडिलांच्या वाद्यवृंदाच्या तालमी घेत होते आणि 1954 साली, अठराव्या वर्षी, व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकायला गेले. त्यानंतर आठ वर्षांत ते लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे प्रमुख झाले. झुबिन व्हिएन्नाला गेल्यावर वर्षभरातच, 1955 साली, वडिलांनीही मुंबई सोडली होती. मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली उपम्होरके, मग फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये दुसरे व्हायोलिन, असा त्यांचा प्रवास झाला. पंचेचाळिशी उलटल्यावर स्वतःच्या वाद्यवृंदाचा संचालक दुसऱ्याच्या वाद्यवृंदात खुर्ची स्वीकारतो, त्यामागे महत्त्वाकांक्षा असेलही, पण दरमहा मिळणारा पगार ही गोष्ट काही कमी महत्त्वाची नव्हती.

हा एकट्या मेहलींचा अनुभव असता तर त्यावरून मोठा निष्कर्ष काढणे योग्य ठरले नसते. पण त्याच काळात, त्याच शहरात, हेच काम करणारी आणखी दोन माणसे होती. वॉल्टर काउफमन हे मूळचे चेक ज्यू, नाझींच्या सावलीतून निसटून 1934 साली मुंबईत आलेले. त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, जिच्यात मेहली वाजवत. आकाशवाणीच्या ओळखधुनेचे कर्ते म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते हेच. काउफमन मुंबईत 1946 पर्यंत राहिले, आणि त्यातली 1937 नंतरची वर्षे ते आकाशवाणीच्या पाश्चात्य संगीत विभागाचे प्रमुख होते, म्हणजे सरकारी पगारावर होते. पुढे ते कॅनडात विनिपेग सिम्फनीचे पहिले संचालक झाले आणि अखेर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. तिथे बसून त्यांनी लिहिले ते आपल्या रागांविषयी. दुसरे अँथनी गोन्साल्विस, गोव्यातल्या माजोर्ड्याचे. मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंत ते व्हायोलिन वाजवत, इतरांच्या चालींचे वाद्यवृंदासाठी लेखन करत आणि घरी शिकवत. प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1958 साली त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा भारतीय सिम्फनी वाद्यवृंद उभा केला, त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. राग आणि हार्मनी (पाश्चात्य पद्धतीचा अनेक स्वरांचा एकाच वेळचा मेळ) यांची सांगड घालण्याचा तो गंभीर प्रयत्न होता. 1960च्या दशकाच्या मध्यास गोन्साल्विसही सिरॅक्यूज विद्यापीठाच्या निमंत्रणावरून अमेरिकेला गेले. परतले ते गावी, चित्रपटसृष्टीत नव्हे. आज त्यांचे नाव घरोघर माहीत आहे ते त्यांच्या शिष्याने त्यांच्या नावाची आठवण ठेवून केलेल्या एका विनोदी गाण्यामुळे, त्यांच्या कामामुळे नाही.

एक पारशी, एक ज्यू निर्वासित, एक गोमंतकीय ख्रिस्ती. तिघांचे स्वभाव वेगळे, आवडी वेगळ्या, वर्तुळे वेगळी. तिघेही संचालक आणि शिक्षक. आणि तिघांच्याही वाटा उत्तर अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या दाराशी जाऊन पोहोचल्या. यातल्या दोघांना तिथे कायमचे पद मिळाले. मुंबईत त्यांच्यापैकी सर्वांत सलग काम ज्यांना करता आले ते काउफमन, आणि त्याचे कारण त्यांच्यामागे एका सार्वजनिक संस्थेचा पगार होता. मला हा योगायोग वाटत नाही. मेहलींना ज्या विद्यापीठाने बोलावले तेही राज्याच्या पैशावर चालणारे सार्वजनिक विद्यापीठ होते, हॉलिवूडच्या कुणा धनिकाचा खासगी उपक्रम नव्हे.

शिक्षकाचे पद असले की काय होते याचा पुरावा शोधायला परदेशात जाण्याचीही गरज नाही. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात चर्चला जोडलेल्या गावशाळांत संगीतमास्तर असे. मुलांना तो सोल्फेजो, म्हणजे स्वरांची नावे घेत गाणे, शिकवी, व्हायोलिन हातात देई, स्वरलिपी वाचायला लावी, आणि चर्चमधल्या सणावारांना ही मुले एकत्र गात-वाजवत. हेतू धार्मिक होता आणि मुलींना त्यात फारसे स्थान नव्हते, या मर्यादा मान्य केल्या पाहिजेत. तरीही खेडोपाडी, फारशा श्रीमंत नसलेल्या घरांतल्या मुलांना समूहात वाजवण्याचे शिक्षण मिळाले, कारण शिकवणाऱ्या माणसाच्या पोटाची व्यवस्था कुणीतरी लावली होती. त्या शाळांतून बाहेर पडलेल्या वादकांनी मुंबईच्या हॉटेलांतले जॅझ बँड, पोलिसांचे बँड, आणि मुख्य म्हणजे हिंदी-मराठी चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ म्हणतात तो वाजवला. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यातली माहीत असलेली नावे. व्हायोलिनच्या तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलेल्यांची नावे श्रेयनामावलीतही आली नाहीत. आपण ज्या गाण्यांना आपली गाणी म्हणतो, ज्यांच्या अंतऱ्यांमधल्या तुकड्यांवर पिढ्या भाळल्या, त्यांच्या मागे एका गावशाळेची पगारव्यवस्था उभी होती, हे संगीताच्या चर्चेत क्वचितच बोलले जाते. 1980च्या दशकानंतर सिंथेसायझर आणि मग संगणक आले, साठ-सत्तर वादकांच्या ध्वनिमुद्रणांची गरज संपली. तोवर त्या गावशाळाही पूर्वीच्या राहिल्या नव्हत्या. वरून मागणी आटली आणि खालून पुरवठाही.

आता वर्तमानाकडे येऊ. 2006 साली नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात, संस्थेचे प्रमुख खुश्रू सनतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांच्या पुढाकाराने, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. हे धाडसाचे काम होते. त्याचा दर्जा चांगला आहे, त्याने परदेश दौरे केले आहेत, आणि मुंबईच्या श्रोत्याला माहलर या संगीतकाराची सिम्फनी समोर बसून ऐकण्याची संधी त्याच्यामुळे मिळाली. पण त्याच्या हंगामात रंगमंचावर बसलेल्यांपैकी मोठा भाग परदेशातून हंगामापुरता आलेल्या वादकांचा असतो. यात त्या संस्थेला दोष देण्यात अर्थ नाही. ओबो, बासून, फ्रेंच हॉर्न किंवा व्हिओला व्यावसायिक दर्जाने वाजवणारी पुरेशी माणसे देशात नसतील तर ती बाहेरून आणण्यावाचून दुसरा मार्ग काय? संस्थेनेही ते ओळखले आणि 2012 साली आपली संगीत अकादमी सुरू केली, जिथे मुलांना लहानपणापासून व्यावसायिक शिस्तीचे शिक्षण मिळते. माझा मुद्दा एवढाच की एक खासगी संस्था, दक्षिण मुंबईच्या टोकाला, काही मोजक्या मुलांना शिकवू शकते. बारा कोटींच्या राज्याची उरलेली मुले कुणी शिकवायची, हा प्रश्न तिच्याकडे टोलवता येत नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वरवरचा नाही. मराठी करदात्याने मोझार्टसाठी पैसे का मोजावेत? आपले शास्त्रीय संगीत, आपल्या लोककला आधीच आश्रयाविना कष्टात असताना हे परके झाड का लावायचे? पहिली गोष्ट म्हणजे व्हायोलिन परके राहिलेले नाही. कर्नाटक संगीतात त्याला दोन शतकांचे घर आहे आणि आपल्याकडेही व्ही. जी. जोगांसारख्यांनी त्याला ख्यालाच्या अंगाने बोलते केले. पण हे उत्तर अर्धवट आहे. खरा मुद्दा असा की मी मागतो आहे ते समूहात वाजवण्याचे शिक्षण, आणि तो समूह कुठल्या वाद्यांचा असावा याविषयी माझा हट्ट नाही. आकाशवाणीने 1952 साली रविशंकर यांच्या संचालनाखाली वाद्यवृंद सुरू केला तेव्हा सतार, सरोद, सनई, व्हायोलिन, तबला यांचे एकत्रित लेखन कसे करायचे यावर गंभीर काम झाले होते. तो धागा पुढे शाळा-महाविद्यालयांत आलाच नाही. पुण्या-मुंबईत गणपतीच्या आधी दोन महिने ढोल-ताशा पथकांत शेकडो तरुण रोज संध्याकाळी नदीकाठी तालीम करतात. ठेका चुकला तर थांबवून पुन्हा घेणारा पथकप्रमुख असतो, वेळेवर न येणाऱ्याला मिरवणुकीत घेत नाहीत. म्हणजे समूहशिस्तीची आवड नाही असे म्हणण्याची सोय नाही. तिला वर्षभराचे, स्वरांचे आणि स्वरलिपीचे रूप देणारा शिक्षक मात्र नाही.

आपल्या संगीतशिक्षणाचा साचा एकट्याच्या परीक्षेचा आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा असोत की लंडनच्या ट्रिनिटीच्या, मूल एकटे शिकते, एकटे परीक्षकासमोर बसते आणि प्रमाणपत्र घेऊन घरी येते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला विद्यालय काढले तेव्हा घराण्यांच्या बंद दारांबाहेर संगीत आणण्यासाठी ही परीक्षापद्धती क्रांतिकारक होती, आणि तिचे उपकार नाकारण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. पण सव्वाशे वर्षांनी तिच्या मर्यादाही बोलायला हव्यात. आठ-आठ परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला शेजारच्याच्या स्वराशी आपला स्वर मिळवून, दुसऱ्याच्या लयीत वाजवण्याचा अनुभव नसतो. राज्य सरकार दहावीच्या परीक्षेत कलेसाठी वाढीव गुण देते, म्हणजे कलेला प्रोत्साहन द्यावे असे सरकारलाही वाटते. परंतु ते प्रोत्साहन प्रमाणपत्राला आहे, शिकवणीला नाही. जे पालक खासगी शिकवणीचे पैसे भरू शकतात त्यांच्या मुलांना गुण, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्या शाळेत शिक्षक नाही, असा हा उफराटा न्याय आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या शाळांसाठी कलाशिक्षणाचा माणूस सांगितला आहे तो शंभरांहून अधिक पट असेल तर, आणि तोही अंशकालीन. ज्या कायद्याने मुलाला शिक्षणाचा हक्क दिला त्याच कायद्याने कलाशिक्षकाला अर्धवेळ ठरवले, यावर फारशी चर्चा झाल्याचे माझ्या वाचनात नाही. मेहली मेहतांच्या वाट्याला मुंबईत 1955 पर्यंत जे अर्धवट जगणे आले, ते आज आपण नियमानेच नेमून दिले आहे.

दुसरा आक्षेप असा की कला ही दानशूरांनी सांभाळावी, सरकार तिला हात लावील तिथे फायली आणि वशिलेबाजी येईल. भीती खोटी नाही. पण दानाचा स्वभावही पाहिला पाहिजे. देणगीदाराला इमारत दिसते, तिच्यावर नाव कोरता येते. तीस वर्षे चालणारा पगार दिसत नाही. स्वतः मेहलींनी उभारलेल्या अमेरिकन यूथ सिम्फनीचेच उदाहरण घ्यावे. तिच्या मैफिली पिढ्यान्‌पिढ्या श्रोत्यांना मोफत ऐकायला मिळाल्या, तिच्यातून निघालेले वादक अमेरिकेतल्या नामांकित वाद्यवृंदांत गेले, आणि 2024 साली, साठावे वर्ष गाठता गाठता, देणग्या आटल्यामुळे ती बंद करावी लागली. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एका शहरात, चित्रपट-उद्योगाच्या शेजारी हे घडले. माझ्या म्हणण्याला ही गोष्ट अडचणीची आहे असे कुणी म्हणेल, कारण अमेरिकेचा आदर्शच कोसळला. मला ती उलट नेमकी वाटते. त्या माणसाची दोन कामे होती. सार्वजनिक विद्यापीठातले वाद्यवृंदाचे शिक्षण चालू राहिले, देणग्यांवरचे थांबले.

सरकारी पैसा आणि दर्जा एकत्र नांदू शकत नाहीत असे मानणाऱ्यांनी फिनलंडकडे पाहावे. लोकसंख्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे 56 लाख. 1960च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे गावोगावच्या संगीतशाळांना कायद्याने अनुदान आहे. हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत योर्मा पानुला 1973 ते 1993 संचालन शिकवत होते, आणि त्यांची पद्धत अशी की शिकणाऱ्यांसमोर खरोखरीचा वाद्यवृंद बसलेला असे. विद्यार्थी चुका करी, मग चित्रफितीवर त्या पाहाव्या लागत. एसा-पेक्का सालोनेन, साकारी ओरामो, ओस्मो व्हान्स्का हे त्यांच्या हाताखालून गेले. यातले सालोनेन पुढे लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे प्रमुख झाले, म्हणजे झुबिन मेहतांनी भूषवलेल्याच जागी बसले. एक संचालक वडिलांच्या दिवाणखान्यातून निघाला, दुसरा देशाच्या व्यवस्थेतून. दिवाणखान्यातून निघालेल्या संचालकाचे कौतुक जरूर करावे, परंतु असा वडील प्रत्येक मुलाला लाभत नाही आणि धोरण त्याच्या भरवशावर आखता येत नाही.

मग करायचे काय, तर सुरुवात लहान असावी असे मला वाटते. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांत संगीताचे विभाग आहेत; मुंबईत अशोक दा. रानडे यांनी विद्यापीठाचे संगीत केंद्र घडवले तेव्हा त्यामागे व्यापक दृष्टी होती. या विभागांपैकी निदान दोन-तीन ठिकाणी वाद्यवृंद-शिक्षणाचे एक पूर्णवेळ, कायम पद निर्माण करावे, आणि त्या माणसाकडे दोन जबाबदाऱ्या द्याव्यात: विद्यापीठाचा वाद्यवृंद चालवणे, आणि आसपासच्या पाच-सहा महापालिका शाळांत जाऊन समूहवादन शिकवणाऱ्यांची फळी तयार करणे. गोव्यात कला अकादमीकडे पाश्चात्य संगीताचे शिक्षण आधीपासून आहे, आणि वंचित मुलांना वाद्ये शिकवणारा ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’सारखा स्वयंसेवी उपक्रम 2009 पासून चालू आहे; तिथे तर पायाही खणावा लागणार नाही. वाद्यांचा खर्च मोठा वाटतो, पण व्हायोलिन वर्षानुवर्षे एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाते आणि एका नव्या सभागृहाच्या वातानुकूलनाच्या खर्चात कित्येक शाळांची वाद्ये येतील.

खरी अडचण पैशाआधी पात्रतेच्या नियमात येईल. जो माणूस चेलो उत्तम शिकवू शकतो, चाळीस मुलांचा गोंगाट तीन महिन्यांत सुरात आणू शकतो, त्याच्याकडे नेट, सेट, पीएच.डी. किंवा बी.एड. असण्याची शक्यता फार कमी. स्टुडिओत आयुष्य घालवलेले गोमंतकीय वादक, पोलीस आणि सैन्यदलांच्या बँडमधून निवृत्त झालेले बँडमास्टर, ही शिकवू शकणारी माणसे आज हयात आहेत आणि त्यातली बरीच सत्तरीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्यासाठी पदवीऐवजी प्रत्यक्ष तालीम घ्यायला लावून निवड करण्याची तरतूद झाली, तरच ही पदे कागदाबाहेर येतील. आणि ती तरतूद करायला अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागत नाही, शासन निर्णय पुरतो.